दहा बाय बाराचा स्टेज : डान्स बार बंदी आणि सरकारच्या अधिकाराची हद्द

दरवर्षी हे प्रकरण शिकवायला घेतलं की मी आधी वर्गातली बाकं भिंतीला लावून घेते. मग खडूने फरशीवर १० फूट बाय १२ फुटांची चौकट आखायची आणि त्यात आठ विद्यार्थ्यांनी उभं राहायचं. चौकटीच्या कडेला ३ फूट उंचीचा कठडा आहे असं धरायचं. कठड्यापासून ५ फूट मोजायचे आणि तिथे पहिली खुर्ची मांडायची. खुर्चीत बसलेल्या मुलाला सांगते, हात लांब कर. त्याचा हात कठड्यापर्यंतही पोचत नाही.

ही मापं माझ्या मनाची नाहीत. डान्स बारमधले गैरप्रकार कसे थांबवायचे हे ठरवायला महाराष्ट्र सरकारनेच एक समिती नेमली होती. तिने २००४ मध्ये ही मापं सुचवली. एका वेळी आठपेक्षा जास्त नर्तकी नकोत. अंग उघडं टाकणारे कपडे नकोत. गिऱ्हाइकाने स्टेजजवळ जायचं नाही, नोटा उधळायच्या नाहीत, बक्षिसी द्यायची तर ती बारच्या व्यवस्थापनाच्या हाती. अशा सूचना होत्या. त्या पुरेशा होत्या की नव्हत्या यावर वाद घालता येईल. पण त्या कधी अमलात आल्याच नाहीत. समितीचा अहवाल हाती असताना सरकारने २००५ मध्ये सरसकट बंदीचा कायदा केला, आणि पुढची चौदा वर्षं कोर्टकचेरीत गेली.

सरकारला नियम करण्याचा अधिकार आहे, हे या सगळ्या काळात कुणी नाकारलं नाही. हॉटेलवाल्यांनी नाही, नाचणाऱ्या मुलींच्या संघटनेने नाही, न्यायालयाने तर नाहीच. वाद एवढाच होता की हाताशी असलेले नियम न वापरता सरकारला थेट बंदीपर्यंत जाता येतं का.

बंदीआधी काय होतं

डान्स बार म्हणजे बेकायदा अड्डा, असं चित्र आता लोकांच्या मनात पक्कं झालं आहे. ते सरसकट खरं नव्हतं. परवाना असलेल्या बारच्या मालकाकडे परवान्यांची अख्खी फाइल असायची. खाद्यगृहाचा परवाना वेगळा, मुंबई दारूबंदी कायद्याखालचा परमिट रूमचा वेगळा, करमणुकीचा वेगळा, आणि नाचगाण्याच्या कार्यक्रमाचा आणखी वेगळा. मुंबई पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ३३ खाली सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठी नियम करता येतात. त्यातूनच १९६० ची नियमावली आली. मेळे आणि तमाशे यांचा उल्लेख तिच्या नावातच आहे. म्हणजे स्टेजवर कुणी नाचायचं, कुठे, किती वाजेपर्यंत, हे ठरवण्याची यंत्रणा आपल्याकडे डान्स बारच्याही आधीपासून होती.

शिवाय अश्लील वर्तनासाठी भारतीय दंड संहितेचं कलम २९४ होतं. देहविक्रयासाठी मुलींना आणलं जात असेल तर १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा होता. परवान्याच्या अटी मोडल्या तर परवाना निलंबित करता येत होता, रद्दही करता येत होता. पोलिसांना आत जाऊन तपासणी करण्याचा अधिकार होता. ही यादी लांबली आहे खरी, पण पुढचा निकाल कळायला ती लागते, कारण न्यायालयाने सरकारला पहिला प्रश्न हाच विचारला : एवढं सगळं होतं, त्यातलं वापरलंत काय?

३० मार्च २००५

त्या दिवशी विधानसभेत लक्षवेधी सूचना आली. डान्स बारमुळे तरुण पोरं बिघडतायत, घरं उद्ध्वस्त होतायत, असा मुद्दा होता. उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी सभागृहात बंदीची घोषणा केली. घोषणा आधी मुंबईबाहेरच्या बारपुरती होती, पण काही दिवसांत मुंबईही तिच्या कक्षेत आली. वटहुकमाची वाट राज्यपालांकडे अडली, तेव्हा विधेयक आणलं गेलं. जुलैमध्ये ते एकमताने मंजूर झालं आणि ऑगस्टच्या मध्याला अमलात आलं.

आबांच्या, म्हणजे आर. आर. पाटलांच्या, हेतूबद्दल मला शंका नाही. गावाकडून आलेल्या बायकांच्या तक्रारी, नवऱ्याने महिन्याचा पगार एका रात्रीत उधळल्याच्या कहाण्या, अल्पवयीन मुली सापडल्याची प्रकरणं, गुन्हेगारांचा वावर, यातलं बरंच काही घडत होतं. सरकारने ते न्यायालयापुढे मांडलंही. हे सगळं खोटं होतं असं म्हणून हे प्रकरण शिकवता येत नाही. ते खरं धरूनच पुढचं वाचायला हवं, कारण न्यायालयांनीही तसंच केलं.

आता कायदा जवळून पाहू. मुंबई पोलीस कायद्यात दोन नवी कलमं आली. कलम ३३अ म्हणतं : खाद्यगृह, परमिट रूम किंवा बिअर बारमध्ये कोणत्याही प्रकारचा नाच करता येणार नाही. मोडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि २ लाख रुपयांपर्यंत दंड. ‘कोणत्याही प्रकारचा’ हे शब्द नीट वाचा. अश्लील नाच नव्हे, बीभत्स नाच नव्हे. कुणी अंगभर नऊवारी नेसून कथक केलं तरी गुन्हा.

त्याच्या लगेच खाली कलम ३३ब. ते म्हणतं : वरची बंदी नाट्यगृहं, सिनेमागृहं आणि सभागृहांना नाही. फक्त सभासदांनाच प्रवेश असलेल्या जिमखान्यांना आणि क्लबांना नाही. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना नाही.

वर्गात ही दोन कलमं मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते आणि गप्प बसते. पाच मिनिटांत कुणीतरी विचारतंच, ‘मॅडम, नाच तोच असेल तर?’ संपूर्ण खटला त्या प्रश्नात आहे.

उच्च न्यायालयात

मुंबई उच्च न्यायालयात बऱ्याच याचिका दाखल झाल्या. ‘आहार’ या नावाने ओळखली जाणारी हॉटेल आणि रेस्टॉरंट मालकांची संघटना आली, वर्षा काळे यांच्या नेतृत्वाखालची भारतीय बारगर्ल्स युनियन आली, महिलांच्या संघटना आल्या. स्त्रीमुक्तीच्या चळवळीतही तेव्हा या प्रश्नावर उभी फूट पडली होती, हे आजच्या मुलींना सांगावं लागतं. एका बाजूचं म्हणणं, बार हा शोषणाचाच धंदा आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, शोषण थांबवायचं नाव घेऊन तुम्ही तिच्या हातातलं कामच काढून घेताय. मी दुसऱ्या बाजूची, आणि हे मी वर्गात लपवत नाही.

एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास संशोधन केंद्राने ५० बारमधल्या ५०० स्त्रियांशी बोलून केलेला अभ्यास न्यायालयापुढे होता. फसवून, पळवून आणलेल्या मुलींचं जे चित्र सरकार रंगवत होतं, ते त्या अभ्यासातून उभं राहत नव्हतं. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या जमातींतल्या बायका होत्या. कारखाना बंद पडलेल्या कामगाराच्या मुली होत्या. घरकाम सोडून इथे आलेल्या होत्या, कारण इथे पैसे जास्त मिळत. बहुतेकींच्या कमाईवर घर चालत होतं.

१२ एप्रिल २००६ रोजी न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो आणि न्यायमूर्ती रोशन दळवी यांच्या खंडपीठाने कलम ३३अ घटनाबाह्य ठरवलं. याचिकाकर्त्यांचे सगळेच मुद्दे मान्य झाले नाहीत. लिंगभेदाचा मुद्दा टिकला नाही, कारण कायद्याच्या शब्दांत बंदी स्त्री-पुरुष दोघांनाही होती. नाच म्हणजे अभिव्यक्ती, म्हणून अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाला, हेही मान्य झालं नाही. कायदा कोसळला तो दोन गोष्टींवर : अनुच्छेद १४ मधली समानता आणि अनुच्छेद १९(१)(छ) मधलं व्यवसायाचं स्वातंत्र्य.

राज्याने लगेच स्थगिती मागितली. ती मिळाली, पुढे सर्वोच्च न्यायालयात चालूही राहिली. म्हणजे कायदा कागदावर रद्द आणि बार प्रत्यक्षात बंद. सात वर्षं.

२०१३ चा निकाल

१६ जुलै २०१३ रोजी सरन्यायाधीश अल्तमस कबीर आणि न्यायमूर्ती एस. एस. निज्जर यांनी राज्याचं अपील फेटाळलं. मुख्य निकालपत्र निज्जर यांचं आहे. त्यातल्या दोन गोष्टी कायद्याचं शिक्षण नसलेल्या माणसालाही समजाव्यात अशा आहेत.

पहिली गोष्ट समानतेची. सरकार वर्गवारी करू शकतं. दारूची दुकानं आणि किराणा दुकानं यांना वेगळे नियम असतात, त्यात काही चूक नाही. पण वर्गवारीचा आधार आणि कायद्याचा हेतू यांचा एकमेकांशी संबंध लागतो. इथे हेतू सांगितला होता स्त्रीची प्रतिष्ठा आणि समाजाची नीती राखण्याचा. वर्गवारी केली होती ताऱ्यांवर. तीन तारांकित हॉटेलातला माणूस नाच बघून फक्त रमतो आणि कोपऱ्यावरच्या बारमधला माणूस तोच नाच बघून बिघडतो, असं धरलं तरच या दोन गोष्टी जुळतात. न्यायालयाने हे गृहीतक उघड करून नाकारलं. प्रेक्षक कोणत्या वर्गातला यावरून नीती-अनीतीच्या पायऱ्या ठरवता येत नाहीत, असं निकालात स्पष्ट आहे.

मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे नियम बनतात तेव्हा ‘त्या लोकांना’ काय झेपेल, काय झेपणार नाही, हे आपण ठरवतो आणि स्वतःला त्यातून वगळतो. विधेयक एकमताने मंजूर झालं, याचा अर्थ सभागृहातल्या एकाही आमदाराने कलम ३३ब ला हरकत घेतली नाही.

दुसरी गोष्ट व्यवसायाची. अनुच्छेद १९(१)(छ) मधला हक्क निरंकुश नाही. १९(६) खाली सरकार सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी वाजवी निर्बंध घालू शकतं, आणि अगदी टोकाच्या वेळी निर्बंध म्हणजे पूर्ण बंदीही असू शकते. पण बंदीपर्यंत जायचं तर कमी कडक उपाय पुरणार नाहीत हे दाखवण्याचा भार सरकारवर येतो. ते कसं दाखवणार? २००४ च्या समितीच्या शिफारशी तशाच पडून होत्या. असलेले कायदे नीट राबवले नव्हते. दारूचा धंदा करण्याचा मूलभूत हक्क कुणाला नाही हे खरं, पण खटला दारूबद्दल नव्हता. दारू तर त्या बारमध्ये बंदीनंतरही मिळतच होती. बंद झाला होता तो नाच.

आणि रोगापेक्षा औषध जालीम ठरलं होतं. ७५ हजारांहून अधिक स्त्रियांचं काम गेलं असा आकडा न्यायालयापुढे होता. त्यातल्या अनेकींवर पोटासाठी देहविक्रय करण्याची वेळ आली, याची नोंद निकालपत्रात आहे. ज्या स्त्रियांच्या प्रतिष्ठेसाठी कायदा केला, त्यांनाच त्याने आणखी खाली ढकललं.

इथे थोडं मागे जाते. निर्बंध वाजवी कधी, या प्रश्नावरचा अगदी सुरुवातीचा निकाल १९५० चा आहे आणि तो आपल्या शेजारचा आहे. तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने १९४८ मध्ये विड्यांच्या धंद्यावर कायदा केला होता. शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून ठराविक गावांत विड्या वळायला बंदी. सागर जिल्ह्यात तसा आदेश निघाला आणि चिंतामणराव नावाचे विडी कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने विचारलं, शेतावर जाऊच शकत नाहीत अशा म्हाताऱ्या, अपंग माणसांनी काय करायचं? त्यांना विड्या वळू न दिल्याने शेतीला काय मिळतं? हेतू चांगला होता, पण फास गरजेपेक्षा मोठा होता, म्हणून बंदी गेली. २०१३ चा निकाल त्याच वाटेवरचा आहे. विडी वळणारी म्हातारी आणि बारमध्ये नाचणारी बाई एका रांगेत उभ्या आहेत हे ऐकून काही विद्यार्थी चपापतात. मी त्यांना विचारते, कायद्याच्या नजरेत फरक कोणता, तो सांगा.

निकालानंतरचं सरकार

निकाल लागला म्हणजे प्रकरण संपलं, असं पाठ्यपुस्तकात होतं. इथे खरा अभ्यास निकालानंतर सुरू होतो.

जून २०१४ मध्ये विधिमंडळाने कायदा पुन्हा दुरुस्त केला. या वेळी तारांकित हॉटेलांची सवलत काढून टाकली आणि बंदी सगळ्यांना लावली. न्यायालयाने भेदभाव म्हटलं ना, मग घ्या, भेदभावच नाही. पण निकालाचे पाय दोन होते. समानतेचा मुद्दा असा मिटवला तरी व्यवसायाच्या हक्काचा मुद्दा जागच्या जागी होता, किंबहुना बंदी रुंद झाल्याने जास्तच बोचरा झाला होता. १५ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमालाही स्थगिती दिली आणि सांगितलं की अश्लीलता रोखायला परवाना देणारे अधिकारी आहेतच.

एप्रिल २०१६ मध्ये तिसरा कायदा आला. सरकार बदललं होतं, पवित्रा तोच होता. आता बंदी हा शब्द नव्हता, नाव होतं अश्लील नृत्यास प्रतिबंध आणि तिथे काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रतिष्ठेचं संरक्षण. अटी मात्र वाचाव्यात अशा होत्या. शाळा-कॉलेज किंवा प्रार्थनास्थळापासून १ किलोमीटरच्या आत बार नको. नाच होतो त्या खोलीत दारू नको. नाचाची जागा आणि रेस्टॉरंट यांच्यात भिंत हवी. आत सीसीटीव्ही हवेत. मालकाचं चारित्र्य चांगलं हवं.

मुंबईचा नकाशा घ्या, कुठलीही एक गल्ली निवडा आणि कंपासने १ किलोमीटरचं वर्तुळ काढा. त्यात एक शाळा नाही, एक देऊळ नाही, एक मशीद किंवा चर्च नाही, अशी जागा शोधून दाखवा. हा गृहपाठ मी दरवर्षी देते. अजून कुणी जागा घेऊन आलेलं नाही.

१७ जानेवारी २०१९ रोजी न्यायमूर्ती ए. के. सिक्री आणि न्यायमूर्ती अशोक भूषण यांनी या अटी एकेक करून तपासल्या. माझ्या मते या सगळ्या मालिकेत शिकण्यासारखा निकाल हाच आहे, कारण इथे सगळं किंवा काहीच नाही असा हिशोब नाही. अश्लील नृत्याची व्याख्या टिकली. संध्याकाळी ६ ते रात्री ११.३० ही वेळ टिकली. नाचणाऱ्या स्त्रीशी लेखी करार करायचा, ही अट टिकली, कारण त्याने तिचंच रक्षण होतं. नोटा उधळायला मनाई टिकली. पण खुशीने हातात दिलेली टीप चालेल, ती कशी द्यावी हे सरकारने ठरवायचं नाही. ठरलेला मासिक पगारच द्यायचा ही सक्ती गेली. १ किलोमीटर गेला, सरकारला हवं तर वाजवी अंतर ठरवायला मोकळीक राहिली. नाचाच्या खोलीतली दारूबंदी गेली, भिंत गेली, चारित्र्याची मोघम अट गेली. सीसीटीव्हीची सक्ती खासगीपणाच्या हक्कामुळे गेली.

आणि न्यायालयाने एक साधं निरीक्षण नोंदवलं : २००५ पासून आजवर एकालाही परवाना दिलेला नाही. नियमन करता येईल, पण नियमनाच्या नावाखाली पूर्ण बंदी आणता येणार नाही.

हे निरीक्षण सगळ्यात जड आहे. कायद्याने घातलेली बंदी न्यायालयाला दिसते, ती रद्द करता येते. पण टेबलावर पडून राहिलेला अर्ज, पुन्हा पुन्हा निघणारी त्रुटी, तपासणीला न आलेला अधिकारी, यांच्यावर निकाल चालत नाही. सरकारच्या अधिकाराची हद्द न्यायालयाने आखली, पण परवान्याचा शिक्का ज्या टेबलावर आहे तिथे ती पोचायला माणूस लागतो, वकील लागतो, पैसे लागतात, आणि वर्षं लागतात.

हॉटेलमालक वर्षं काढू शकतो. त्याने ऑर्केस्ट्रा बार, म्हणजे नाचाऐवजी गाण्याबजावण्याचे बार, चालवले. तिथेही कार्यक्रमात बायका चार आणि पुरुष चार, अशी अट परवान्यात होती, आणि ती लढायला पुन्हा सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी ही चार-चारची वाटणी रद्द झाली. आठ कलाकारांची कमाल संख्या राहिली, त्यात बायका किती हे ठरवणं सरकारच्या हातून गेलं.

नाचणाऱ्या मुलीचं तसं नव्हतं. ऑगस्ट २००५ मध्ये जी २२ वर्षांची होती, ती सर्वोच्च न्यायालयात पहिल्यांदा जिंकली तेव्हा ३० ची होती. ‘एकालाही परवाना नाही’ हे वाक्य लिहिलं गेलं तेव्हा ती ३५ पार करून गेली होती. बारमध्ये नाचण्याचं वय तेव्हा उलटून गेलेलं असतं. तीन कायदे तिच्या प्रतिष्ठेच्या नावाने झाले, निकालही तिच्या बाजूने लागले, आणि न्यायालयाच्या त्या नोंदीप्रमाणे या चौदा वर्षांत तिला परवानगी असलेल्या स्टेजवर एकही रात्र उभं राहता आलं नाही.